पिशवीत पिशवी

या देशात काहीही पेरलं की उगवतं, आणि काहीही ठेवलं की जातं. मी इथं आले तेव्हा घरून आणलेल्या चामडी चपलांना पहिल्याच महिन्यात हिरवी दाढी फुटली. मिठाला पाणी सुटून त्याचं पिठलं झालं. काडेपेटीची काडी ओढावी तर पेटायची नाही, नुसतं डोकं गळून पडायचं. एक दिवस लग्नातला शालू बाहेर काढला तर पदरभर काळे ठिपके. मी कपाटासमोर बसून भोकाड पसरलं. नवरा म्हणाला, "अगं, शालूच आहे ना." त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही. हातानं घेऊन जेवला.

मग घरमालकिणीनं शिकवलं. कपाटात एक बल्ब सतत जळता ठेवायचा, दारं किलकिली ठेवायची, वस्तू मोकळ्या ठेवायच्या. इथं झाकलं की कुजलं. एवढं शिकायला माझा एक शालू खर्ची पडला. आमच्या इमारतीत हे न शिकलेला एकच माणूस होता आणि तो माझ्या डोक्यावर राहायचा.

डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. माझा नवरा ज्या साबणाच्या कारखान्यात काम करतो, तिथलेच ते बॉयलर सुपरवायझर. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र बॉयलरवर मात करायची सवय असल्यामुळे खणखणीत. बायको-मुलगा तिकडे घरी, हे इथं एकटे. माझी मुलं त्यांना पिशवीकाका म्हणायची, तेही तोंडावर. पुढे मीही काकाच म्हणू लागले.

नाव उगाच पडलं नव्हतं. त्यांच्या खोलीत टीव्हीचा रिमोट पिशवीत, घड्याळ पिशवीत, चष्म्याचं घर पिशवीत. डाळीच्या डब्यात डाळ पिशवीत आणि डबाही पिशवीत. मोबाईल एका पारदर्शक पिशवीत घालून वर रबर लावलेलं, त्यातूनच बोलायचं, त्यातूनच ऐकायचं. दारामागे खिळ्याला एक मोठी पिशवी, तिच्यात घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या. उभा जन्म वाफेत गेलेला माणूस, पण वाफ गार झाली की तिचं पाणी होतं, हे घरात पाऊल टाकलं की विसरायचा.

"काका, जरा वारं लागू द्या हो वस्तूंना," मी सांगायची.

"वहिनी, उघडं ठेवलं की जातं."

"इथं झाकलं की जातं!"

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणून ते हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

हे वेड त्यांना अक्कानं लावलेलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा नुकतं लग्न झालेल्या अक्कानं या भावाला कडेवर घेऊन सासरी नेलं होतं. अक्काचा नवरा खडी फोडायच्या मशीनवर कामाला, घर मशीनच्या कुंपणाला लागून. दिवसभर पांढरी धूळ. भाकरीवर धूळ, अंथरुणावर धूळ, पोराच्या पापण्यांवर धूळ. अक्का सगळं गुंडाळायची. पाटी-पुस्तकं पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर्गात सगळ्यांची पुस्तकं खडूत लोळल्यासारखी आणि यांची कोरी करकरीत. गुरुजींनी ती वर धरून दाखवली होती म्हणे. ही गोष्ट काका इतक्या वेळा सांगायचे की माझ्या धाकट्यालाही पाठ झाली होती. ते इथं यायला निघाले तेव्हा पासपोर्टही अक्कानंच स्वतःच्या हातानं बांधून दिला होता.

या देशाची भाषा आम्हाला कधी नीट आली नाही, पण एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं. नळवाल्याला फोन करा, गॅसवाल्याला करा, पंप दुरुस्त करणाऱ्याला करा, उत्तर एकच: निघालोच. पलीकडून टीव्हीचा आवाज येत असतो, पोरं दंगा करत असतात, पण तो निघालेलाच असतो. संध्याकाळी पुन्हा फोन केला तरी तो निघालेलाच. आम्ही कोरड्या नळाखाली बादल्या मांडून बसायचो. माझ्या तर नाकी नऊ यायचे. काकांना मात्र याचा फार राग.

"येत नाही म्हणावं ना सरळ!" ते जिन्यात उभे राहून गरजायचे. "माणूस वाट तरी बघत नाही. वाट बघायला लावणं हे पाप आहे, वहिनी."

त्या दिवशी सकाळी ते खाली आले तेव्हा मात्र गरजत नव्हते. भाच्याचा, म्हणजे अक्काच्या मुलाचा, फोन आला होता. अक्का आजारी आहे हे ठाऊक होतं, पण आता डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. काय हवं ते खाऊ घाला, कुणाला भेटायचं असेल तर भेटवा. आठवडाभराचीच गोष्ट. अक्का शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, माझा पोरगा कधी येतो. स्वतःचा मुलगा उशाशी बसलेला असताना.

"उद्याचं तिकीट मिळतंय," काका म्हणाले. "पासपोर्ट काढतो. जरा वर याल का दोघं?"

पलंगाखालून पत्र्याचा डबा निघाला. डब्यात पिशवी, तिच्यावर अक्कानं गाठ मारलेला दोरा, गाठ न सोडता नुसता सरकवलेला, आत पिशवी, तिच्यात डांबराच्या गोळ्या, मग रबर लावलेली आणखी एक. रबर हात लावताच तुटलं, पिशवीला चिकटूनच राहिलं. शेवटच्या पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब मी स्वतः पाहिले. इथं राहायच्या परमिटचा शिक्का मारून आणल्यावर त्या दिवशीची ओली हवा त्यांनी आत कोंडून ठेवली होती. पासपोर्ट हातात आला तो सगळा मिळून एक वडी झाला होता. नवऱ्यानं चाकूच्या टोकानं हळूच पहिलं पान सोडवलं. फोटोवरचं प्लास्टिक फुगून सुटलं होतं आणि खाली काकांच्या तोंडावर काळी बुरशी. एक कान तेवढा ओळखू येत होता.

मला आधी त्यांचा राग आला. किती वेळा सांगितलं होतं! मग त्यांच्याकडे पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. ते रिकामी पिशवी हातात घेऊन तिची घडी घालत होते, उघडत होते, परत घालत होते.

दिवसभर आम्ही पासपोर्ट पंख्याखाली धरला, तांदळाच्या डब्यात पुरला, कपाटातल्या बल्बपाशी ठेवला. पानं सुटली तशी शाईही सुटली. दुसऱ्या दिवशी काका तरीही विमानतळावर गेले. खिडकीतल्या मुलीनं पासपोर्ट दोन बोटांनी उचलला, साहेबाला बोलावलं, साहेबानं फोटोकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मान हलवली. विमान गेलं. काका बॅग घेऊन परत आले. बॅगही पिशवीत होती.

मग सुरू झाल्या चकरा. आपली वकिलात राजधानीत, बसनं अख्ख्या दिवसाचा रस्ता. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून सोबत मी गेले. काकांना एकटं सोडवेना. तिथं गेलो तर आमच्याच भाषेत बोलणारा कारकून भेटला. मला वाटलं, चला, देव पावला. त्यानं पाणी दिलं, गाव विचारलं, हळहळला आणि म्हणाला, "पासपोर्ट हरवला असता तर सोपं होतं. पोलिसांचा दाखला आणा, लगेच तात्पुरता कागद देतो. खराब झालेल्याची तिकडून खात्री करून घ्यावी लागते. फोटोच उरला नाही ना, काका."

"मग किती दिवस?"

"पाठवतो मी आजच. तिकडून उत्तर आलं की लगेच."

"आणि इथून बाहेर पडायला परमिटचा शिक्का?" मी विचारलं.

"तो नव्या कागदावर परमिट ऑफिसवाले मारून देतील. कागद आला की."

म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बाहेर पायरीवर बसल्यावर मी काकांना स्पष्टच म्हणाले, "काका, ही वडी टाका गटारात आणि चला पोलिसात. हरवला म्हणून सांगा. सगळे तेच करतात."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "असलेल्याला हरवला कसं म्हणू, वहिनी? उद्या अक्कानं विचारलं तर? तिच्या हातची गाठ आहे त्याच्यावर."

"अहो, अक्कासाठीच तर म्हणतेय!"

"खोटं बोलून तिच्यापुढे कसा उभा राहू?"

मी कपाळावर हात मारला. असल्या सरळ माणसांचा मला फार संताप येतो. वाकड्यांचं काहीतरी करता येतं. या सरळ माणसाला तर वाकवताही येईना आणि टाकून उठताही येईना. तो दिवसही गेला. परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेवर धुकं धरत होतं आणि काका बाहीनं ते पुसत होते. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसत होते.

पुढचे दिवस नुसते बसून काढायचे होते. काका कामावर जायचे, बॉयलर पेटवायचे, परत यायचे. रोज वकिलातीत फोन. रोज तोच कारकून, रोज तेवढ्याच मायेनं, "आलं की कळवतो, काका." भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण विमानतळावरची मुलगी बरोबर होती, साहेब बरोबर होता, कारकून तर बिचारा घरच्यासारखा. पाण्याच्या थेंबाशी कुणी भांडावं? तिकडून भाचा रोज सांगायचा, अजून आहे, वाट बघतेय.

एका दुपारी काका धावत जिना उतरून माझ्या स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्या खोलीत नेटवर्कनं मान टाकली होती. हातात मोबाईल. भाच्यानं व्हिडिओ कॉल लावला होता.

"वहिनी, हिला मी दिसत नाहीये!"

मी पाहिलं. पडद्यावर उशी, उशीवर एवढासा चेहरा, पांढरे केस नीट विंचरलेले. बाई डोळे बारीक करून बघत होती.

"कोण आहे रे? धूर कसला एवढा?" तिचा आवाज अगदी बारीक.

"धूर नाही अक्का, मी आहे. मी!" काका पदराच्या टोकासारखा शर्ट पुढे ओढून मोबाईल पुसत होते. पुसून काय होणार? पिशवी आतून घामेजली होती. कॅमेऱ्यावर वाफ बसली होती. मी ओट्यावरची कात्री घेतली, त्यांच्या हातातून मोबाईल ओढला आणि ती पिशवी उभी कापली. काकांच्या तोंडून 'अहो' एवढंच निघालं. मोबाईल मी पदराला पुसून त्यांच्यासमोर धरला.

"हां," अक्का म्हणाली. "आता दिसला माझा पोरगा. वाळलास रे."

काकांनी नुसती मान हलवली.

"पासपोर्ट कुठाय? नीट ठेवलायस ना? मी बांधून दिला तसा?"

मी कात्री घट्ट धरून उभी राहिले. ज्या माणसानं पोलिसांपुढे एक शब्द खोटा बोलायला नकार दिला, त्याच्या तोंडाकडे माझ्यानं बघवेना.

"हो अक्का," काका म्हणाले. "तुझ्या गाठीसकट आहे. कोरा करकरीत."

"मग झालं तर." तिनं डोळे मिटले, परत उघडले. "येतोस ना?"

बाहेर नळाखाली माझी रिकामी बादली होती. सकाळपासून नळवाला निघालेला होता.

"निघालोच, अक्का," काका म्हणाले.

"सावकाश ये," अक्का म्हणाली. "घाई करू नकोस. मी थांबते."

आणि अक्का खरंच थांबली. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त थांबली. कागद तेवढा आला नाही.