फाल्गुनातले बुडबुडे

नागप्पा भोयाला सापाची भीती नव्हती, वाऱ्यावावटळीची नव्हती, खोल पाण्याची तर नव्हतीच नव्हती. त्याला भीती होती ती डोक्यावरच्या स्लॅबची. भूकंपाला दहा वर्षं उलटली. सरकारनं नव्या वसाहतीत पक्कं घर बांधून दिलं, साहेबांनी भिंतीवर हात मारमारून 'हे हलायचं नाही' असं सांगितलं. पण नागप्पानं त्या घरात एकदाही पाठ टेकली नाही. जेवायला आत, झोपायला बाहेर. थंडीत अंगणात बाज, पावसाळ्यात बाजेवर ताडपत्री. सुरुवातीला सगळं गावच बाहेर झोपायचं. मग एकेक जण आत गेला, नागप्पा एकटा उरला, आणि तेच गाव त्याला हसायला लागलं. लोकांना विसरायला कितीसे दिवस लागतात म्हणा!

आणि आता त्याच्या लेकरांतली एकटी उरलेली लेक, सिंधु, लातूरला एकाखाली नाही, चांगल्या दोन स्लॅबांखाली राहत होती. बारावी सायन्स, क्लास, मुलींचं खाजगी वसतिगृह. नागप्पानं नाही म्हणून पाहिलं होतं. बायकोनं, कमलम्मानं, एका वाक्यात त्याचं तोंड बंद केलं, "तुमच्या भ्यावापायी पोरीला मासळी इकायला बसवू का?" मग नागप्पा स्वतः गेला, सिंधुची कॉट दाराशी ओढली आणि पत्र्याची एक शिट्टी तिच्या गळ्यात बांधली. "जरा जरी हाललं तर आधी पळायचं. शिट्टी मागनं," एवढं बजावून तो परत आला.

त्या फाल्गुनात सिंधुची परीक्षा चालू होती. उद्या फिजिक्सचा पेपर. नागप्पा नेहमीसारखा सकाळीच धरणावर गेला. घरी बसून काळजी करण्यापेक्षा पाण्यावर बसून केलेली बरी.

फाल्गुनातलं पाणी मोठं लहरी असतं. पहाटे हात घालावा तर बोटं बधिर होतात, आणि दहा वाजता काठावर पाय भाजतात. नवशिके उजाडताच काठानं जाळी टाकतात आणि रिकाम्या हातानं घरी जातात, कारण त्या वेळी मासा तळाला थंड पडलेला असतो. नागप्पा घाई करायचा नाही. ऊन चढलं, उथळ पाणी कोमट झालं की रोहू आणि मृगळ आपणहून काठाकडे सरकतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आधी ओढ्याच्या तोंडाशी तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं, जाळं आडवं बांधायचा. आतल्या उथळ पाण्यात शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे सोडायचा. मासा आत चरायला गेला की मागून शिरून बांबूनं पाणी बडवायचं. बिचकलेला मासा खोलाकडे पळतो आणि जाळ्यात अडकतो. सगळी मेख थांबण्यात होती. बांबू आधी उचलला तर सगळंच गेलं.

त्या दिवशी तो असाच थांबला होता. उसाला पाणी सोडल्यामुळे धरण बरंच उतरलं होतं, बुडालेल्या बाभळींची खोडं उघडी पडली होती. दहाचा सुमार. आणि ओढ्याच्या मधोमध बुडबुडे आले. एक, दोन, मग ओळीनं. पाणी फसफसायला लागलं. दोन मोठे मासे सळकन वर आले. काठावरचे बगळे एकदम उडाले.

नागप्पा तराफ्याच्या कडेला वाकून पाहू लागला.

असंच पाणी त्यानं एकदा पाहिलं होतं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि तो तलावावर जाळं टाकायला गेला होता. पहाटेआधी पाणी असंच बुडबुडलं. मासा वर आला, नुसता वर येत राहिला. देव पावला म्हणून नागप्पा जाळं ओढत बसला. पोतं भरलं, तरी तो ओढत होता. आणि मग जमीन हलली. घरी पोचला तेव्हा त्याची आई आणि थोरला मुलगा दगडामातीखाली गेलेले होते. सहा वर्षांच्या सिंधुला कमलम्मानं चौकटीतून ओढून काढलं होतं. पाण्यानं आधी सांगितलं होतं आणि आपण मासे गोळा करत बसलो, हे नागप्पानं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

त्यानं बांबू टाकला, जाळं तसंच सोडलं आणि काठ गाठला. कमलम्मा बाजारात उघड्यावर बसलेली, तिची चिंता नव्हती. त्यानं फाट्यावरच्या टपरीतून वसतिगृहाला फोन लावला, तर लाईन लागेना. समोर लातूरची एसटी उभी होती, तो चढला. दीड तासाच्या वाटेत त्यानं दिसेल त्या इमारतीकडे डोळे फाडून पाहिलं. भूकंप यायचा तर एव्हाना येऊन गेला असता, असं शेजारच्यानं सांगितलंही असतं. पण नागप्पानं कुणाला काही बोलूच दिलं नाही.

वसतिगृहाच्या गल्लीत पोचताच तो ओरडला, "सिंधे! खाली ये! समद्या खाली या, पोरींनो!"

तीसेक मुली धडाधड जिना उतरल्या. कुणी अनवाणी, कुणी ओल्या केसांची. काय झालं हे एकीनंही विचारलं नाही. लातूरकडच्या पोरींना ते विचारावं लागत नाही. अर्धा तास सगळ्या गल्लीत उभ्या राहिल्या आणि काहीही हललं नाही. मग मुली एकेक करून वर गेल्या. दोघीतिघी रडत होत्या. त्यांचाही उद्या पेपर होता.

सिंधुचा चेहरा शरमेनं लाल झाला होता. ती बापाला लिंबाखाली घेऊन गेली. "अप्पा, कुठं दिसले बुडबुडे?"

"वढ्याच्या तोंडाला. लई होते, माय."

"बुडीत इहिरीपाशी?"

नागप्पानं मान डोलावली.

"पाणी उतरलं, ऊन लागलं, की तिथला गाळ दर फाल्गुनात बुडबुडतो. मृगळ तिथंच चरतो, म्हून जाळं तिथं बांधायचं. तुमीच शिकवलंय की मला."

खरंच शिकवलं होतं. तीस वर्षं तो त्याच बुडबुड्यांवर मासा धरत आला होता. नागप्पा खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. "त्या राती बी दिसले व्हते," तो म्हणाला. "मी मासे भरत बसलो. तवाच घराकडं पळालो असतो तर तुजा दादा..."

 सिंधुनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात वसतिगृह चालवणाऱ्या विनीताबाई खाली आल्या. आधी चांगल्या तापलेल्या होत्या, पण नागप्पाचं तोंड पाहून त्यांचा आवाज उतरला.

"मामा, तुम्हाला एक विचारू? ही पोरगी दोन वर्षं खोलीत झोपलेली नाही. चटई घेऊन जिन्याच्या पायरीवर बसते. चार दिवसांपासून तर डोळ्याला डोळा नाही. अशानं उद्या पेपरात चक्कर येऊन पडेल. हिला काय झालंय?"

सिंधुनं मान खाली घातली. नागप्पानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे. दोरी घामानं काळी पडली होती.

जे झालं होतं ते त्यानंच केलं होतं. दहा वर्षं अंगणात बाज टाकून टाकून त्यानं लेकीला हेच शिकवलं होतं, मासे धरण्यापेक्षाही पक्कं.

"बाई," तो उठत म्हणाला, "मला घंटाभर वर जाऊ द्या."

पुरुषांना वर बंदी होती. विनीताबाईंनी क्षणभर विचार केला आणि वाट सोडली.

खोलीच्या उंबऱ्यावर नागप्पा थांबला. त्यानं वर पाहिलं, स्लॅबवर पांढरा रंग आणि हळू फिरणारा पंखा. तो आत गेला आणि दाराशी ओढलेली कॉट परत भिंतीला लावली. मग तिच्यावर चक्क आडवा झाला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याची पाठ छपराखाली टेकली. दोन्ही हातांनी त्यानं कॉटच्या कडा गच्च धरल्या.

"अप्पा, उठा. न्हाई जमायचं तुमाला."

"जमतंय. तू टेक हितं खाली. मी हाय."

सिंधु कॉटला टेकून चटईवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "जाळं तसंच सोडून आलाव?"

"असू दे."

"आता मासा कुठं असंल?"

"आता ऊन तळापतूर गेलं असंल," नागप्पा स्लॅबवरची नजर न काढता सांगू लागला. "दुपारचा वारा सुटला, की लाट वरचा पाला पूर्वेच्या काठाला लोटती. मासा त्याच्या मागं जातो. आपुन घाई करायची न्हाई. थांबायचं..."

घंटाभरानं विनीताबाई वेळ झाली म्हणून सांगायला आल्या. सिंधु चटईवर गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. नागप्पा घामानं निथळत होता, डोळे टक्क उघडे, कॉटच्या कडा तशाच धरलेल्या. त्यानं मान न हलवता फक्त बोट ओठावर ठेवलं. विनीताबाईंनी दार ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावर कुणाला येऊ दिलं नाही.