न सुकणारा मुरूम

‘बाहेरचं’, अंगारे-धुपारे असलं काही निघालं की मी सरळ उठून जायची. जे वजनकाट्यावर येत नाही ते नसतंच, असं माझं मत. आता काट्यावर आलंय... म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा.

आम्ही वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहतो. मी आणि माझा नवरा प्रशांत एकाच मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये. रस्त्याच्या बेसचा मुरूम पाणी घालून साच्यात कुटायचा, किती घट्ट बसतो ते पाहायचं, हे आमचं काम. लॅबमध्ये बसतो तितका घट्ट तो रस्त्यावर काही केल्या बसेना. चूक प्रशांतनेच शोधली. आम्ही तोच मुरूम पुन्हा पुन्हा कुटायचो, खडे फुटून भुगा व्हायचा आणि आकडा उगाच वाढायचा. आता दरवेळी ताजा घ्यायचा, असं ठरवून तो सकाळीच तळेगावकडच्या खदानीवर निघाला.

लॅबमधून निघता निघता सवयीने ओला मुरूम मुठीत दाबून पाहिला. बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा डबीत टाकला, वजन केलं.

“हे ओव्हनमंदी ठेवून देजो. पाणी किती आहे ते पाहू. मी आलोच.”

आला नाही. गाडी खदानीजवळ सापडली, नीट स्टँडवर लावलेली. पोलिसांनी खदान पाहिली, विहिरी पाहिल्या. काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, लॅबमध्ये गेले. डबी काढली. रात्रभर ओव्हनमध्ये राहिलेला मुरूम खडखडीत हवा — हा ओलाच! वजन जसंच्या तसं. शेजारच्या डब्या कोरड्या. लॅबच्या सरांनी काटा बदलला, ओव्हन बदलला. मग “मॅडम, फेकून द्या ते,” म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

मी नाही फेकला. पावसाळा गेला, थंडीही गेली. गोळा रोज आत जातो, रोज ओलाच निघतो.

परवा दीर म्हणाले, “वहिनी, आता दादाची तेरवी करून टाकू. आईले झोप नाई लागून राह्यली.”

मी त्यांना लॅबमध्ये नेलं, गरम ओव्हनमधून डबी काढून दाखवली. त्यांनी ठशावर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडले.

“हे काय हाय, वहिनी?”

“मले नाई माहीत. पण हे सुकल्याशिवाय मी कोणाले काही करू देणार नाई.”

खरंच माहीत नाही. रोज सकाळी डबी काट्यावर ठेवताना देवाचं नाव घ्यायलाही भीती वाटते. तोच आकडा आला की तिथेच, बेसिनवरच्या आरशात बघून, मी टिकली लावते. त्याआधी नाही.