तुळजापूरला नाही, आग्र्याला

माझी बायको वारण्यापूर्वी तुळजापूरला गेली नव्हती. ती आग्र्याला गेली होती, ताजमहाल बघायला. आमच्या नात्यात आणि कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत गेलं वर्षभर याच्या उलट सांगितलं जातंय, आणि ते मी ऐकून घेतलंय. आता नाही.

तिचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा वाशीला. सुया टोचलेला हात उशीवर ठेवून ती समोरच्या टीव्हीकडे बघत पडायची. तिथेच एकदा ताजमहाल दिसला.

"अहो, हा राहिला."

"आता या अवस्थेत?"

"मग कोणत्या अवस्थेत? बरी होणाराय का मी?"

मुलाला विचारलं असतं तर त्याने नाहीच म्हटलं असतं. माझी थोरली बहीण, आक्का, ऐरोलीला राहते, तिने तर आकांत केला असता. आजारी बाईने थडगं बघायला जायचं! उपाय बायकोनेच काढला. "कुलदेवीला जातो म्हणा. देवीचं नाव घेतलं की आपल्यात कोणी आडवं येत नाही."

तसंच झालं. मुलगा जरा कुरकुरला. आक्का मात्र दुसऱ्याच दिवशी खण-नारळ घेऊन हजर. "माझ्याकडूनही ओटी भर गं देवीची." बायकोने मान खाली घालून ती घेतली. मला हसू दाबता येईना म्हणून मी गॅलरीत गेलो.

शनिवारचं डायलिसिस झालं की मंगळवारपर्यंत सुटका असायची. रविवारी विमानाने दिल्ली, पुढे गाडी. सोमवारी सकाळी ताजच्या दारात चाकाची खुर्ची भाड्याने घेतली. तपासणीला बायकांची रांग वेगळी. तिथल्या पोलीसबाईने पिशवीतून नारळ बाहेर काढला.

"माताजी, नारियल अंदर नहीं जाएगा."

आक्काची ओटी! हॉटेलवर ठेवायची सोडून ही पिशवीत घेऊन आली होती. कचऱ्यात टाकायला तिचा हात होईना. मला हाक मारून म्हणाली, "अहो, ही सवाष्ण आहे का विचारा."

मी पलीकडच्या रांगेतून विचारलं, "मॅडम, आपकी शादी हुई है?"

पोलीसबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन्ही हात वर केले. रांगेतल्या बायका खिदळायला लागल्या. मग बायकोने मोडक्या हिंदीत समजावलं, आणि त्या बाईच्या ओंजळीत खण ठेवला, वर नारळ. पदर नव्हता, वर्दी होती. "पीछे लाइन लगी है, अम्मा," असं म्हणत तिने खण खिशात घातला, नारळ टेबलाखाली ठेवला आणि खुर्ची स्वतः ढकलून आत सोडली. देवीला नाही पोचली ती ओटी. पण भरली गेली.

आत कारंज्याजवळ मी खुर्ची थांबवली. पाण्याचा एक घोट तोंडात घेऊन तिने तो घोळवत ठेवला. जास्त पाणी चालत नसे.

"मेल्यावर बांधलंन," ती म्हणाली. "तुम्ही जिवंतपणी आणलंत. तुम्ही जास्त शहाणे."

"घरी सांगू का असं?"

"सांगा की. कोण अडवतंय?"

सोमवारी रात्री घरी आलो, मंगळवारी ती नेहमीसारखी वाशीला गेली. महिन्याभरात तिचं हृदय थांबलं. त्या दगदगीने का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मी विचारलं होतं. अजून रात्र रात्र तेच विचारत पडतो. तरीही सांगतो, पुन्हा तसंच म्हणाली तर पुन्हा नेईन.

मला खातं ते वेगळंच. दहाव्याला आक्का सगळ्यांना सांगत होती, "देवीने शेवटचं दर्शन दिलं हो. पुण्यवान बाई." लोक हात जोडत होते आणि मीही मान डोलावली. हट्टाने, फसवून, हसत हसत जगलेली बाई त्या एका मान डोलावण्याने मी भाविक आणि बिचारी करून टाकली. ती बिचारी कधीच नव्हती.

परवा वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर आक्काने जाहीर केलं की दर वर्षी सगळ्यांनी तिच्या आठवणीसाठी तुळजापूरला जायचं. तेव्हा मी बोललो. मोबाइलवरचा ताजसमोरचा तिचा फोटो दाखवला.

"म्हातारचळ लागलाय तुला," आक्का म्हणाली. "आणि माझी ओटी?"

"आग्र्याच्या पोलिसात आहे."

सून हसली आणि लगेच गप्प झाली. मुलगा फोटो मोठा करून आईचा चेहरा बघत राहिला. "मला सांगायचं होतंत. मीच नेलं असतं."

"नसतं नेलंस," मी म्हटलं.

फोटो त्याने स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतला.

देवीशी माझं भांडण नाही. आक्काने सगळ्यांना घेऊन खुशाल जावं. पण त्या गाडीत माझी जागा धरू नये, आणि निघताना माझ्या बायकोचं नाव घेऊ नये.