पुढचं नाव घ्या

पावाच्या दुकानापुढे रांग असली की बाईंचे वडील मागच्या माणसाला पुढे जाऊ द्यायचे. तो म्हणायचा, "अहो, नंबर तुमचा आहे." हे हसून म्हणायचे, "घ्या तुम्ही. मला कुठे घाई आहे?" घाई नसायला काय झालं? दिवसभर हॉटेलच्या धुलाईखान्यात उभं राहून चादरींना इस्त्री केलेली असायची, पायांचे तुकडे पडायची वेळ आलेली असायची. पण आपण बाहेरून आलेली माणसं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि मुलीला पाढ्यांच्याही आधी तेच शिकवलं. त्यात शहाणपण किती आणि भीती किती, हे निवडून बघायला त्यांना सवड मिळाली नाही. ते गेले, पण त्यांची शिकवण घरात हक्काने राहिली.

या देशात येताना त्यांनी बायको, कडेवरची मुलगी आणि बायकोची धाकटी बहीण एवढं बिऱ्हाड आणलं होतं. ही धाकटी बहीण म्हणजे मावशी. तिने लग्न केलं नाही. त्याच धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिचं आयुष्य गेलं. नगरपालिकेच्या एकाच वसाहतीत दोघी बहिणींना खोल्या मिळाल्या, आईला सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि मावशीला अंगणापलीकडे तळमजल्यावर. दोघींना इथली भाषा यायची ती भाजी घेण्यापुरती. मनातलं बोलायला एकमेकींशिवाय माणूस नव्हतं. भांडायलाही नव्हतं, म्हणून भांडणंसुद्धा त्या आपसातच उरकून घ्यायच्या.

मुलगी शाळेत गेली तेव्हा पोरं तिला 'तिकडची' म्हणायची. तीच तिकडची पुढे त्याच शाळेत शिकवायला लागली आणि सगळ्यांची 'बाई' झाली. आधी पालकांनी नाकं मुरडली, आता ही आम्हाला आमची भाषा शिकवणार! थोड्याच वर्षांत तेच पालक हेडमास्तरांच्या दारात उभे, आमच्या पोराला बाईंच्याच वर्गात घाला म्हणून. बाईंनी निम्म्या वॉर्डाचे कान पिरगाळले आणि निम्मा वॉर्ड ते अभिमानाने सांगायचा. एका वर्षी त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्याच वर्गात आली. त्या बिचारीने वर्षभर हात वर करून ठेवला. बाईंनी तिला एकदाही विचारलं नाही. "आई, मला उत्तर येत होतं गं," ती घरी येऊन रडायची. बाई म्हणायच्या, "मला माहीत आहे ना." बाईंना वाटायचं, तेवढं पुरे.

राजकारणात त्या शिरल्या त्या शाळेसमोरच्या रस्त्यामुळे. एका पोराचा पाय गाडीखाली आला. बाई सिग्नल मागायला नगरपालिकेत गेल्या, तर साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंग, तिसऱ्या दिवशीही. मग बाईंनी वह्यांचे गठ्ठेच सोबत नेले आणि साहेबांच्या दारातल्या बाकावर बसून तपासायला घेतल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, इथे परीक्षा चाललीय. लोक आवाज न करता चालायला लागले. शिपायाला त्यांनी शर्टाची बटणं नीट लावायला लावली. अखेर साहेबच घाबरून बाहेर आले. सिग्नल बसला, आणि पुढच्या निवडणुकीत वॉर्डाने बाईंना उचलून सभागृहात नेऊन बसवलं. तिथेही त्या म्हणाल्या, "एका वेळी एकानेच बोलायचं," आणि पिकल्या केसांच्या माणसांनी मुकाट्याने हात वर केले.

पुढे त्या घरवाटप समितीच्या अध्यक्ष झाल्या. नगरपालिकेची खोली रिकामी झाली की ती कुणाला द्यायची, हे ही समिती ठरवायची. नियम साधे होते. ज्याची गरज मोठी, ज्याचा अर्ज जुना, त्याचा नंबर आधी. बाईंच्या हातात समिती आल्यापासून नियम खरंच पाळले जायला लागले, हे त्यांचे विरोधकही कबूल करायचे. खासगीत, अर्थातच.

इकडे आईला जिना झेपेना. वळणावर थांबून थांबून चढायची, मग चढणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. आई म्हणाली, "मग चांगलंच आहे की." पण उतरलं की चढता येणार नाही, हे कळल्यावर ती उतरायचीच बंद झाली. मावशीचे गुडघे तर धुलाईखान्यातच संपले होते. तीही वर येऊ शकत नव्हती, आणि तिच्या खोलीत नियमाने एकाच माणसाला राहता यायचं. मग आई खिडकीत आणि मावशी खाली दारात खुर्ची टाकून, असा त्यांचा संसार चालायचा. वरून खाली, खालून वर ओरडून बोलणं. काय खाल्लंस, झोप लागली का, तुझं ते दुखणं कसं आहे. अख्ख्या वसाहतीला त्यांची भाषा पाठ व्हायची वेळ आली. पुढे मावशीला ऐकू येईनासं झालं, फोनही कुचकामी ठरला. मग नुसते हात हलवायचे. हाताने विचारायची मावशी रोज एकच गोष्ट, बोट खाली दाखवून: कधी येतेस?

बाईंनी आईला आपल्या घरी नेऊन पाहिलं असतं. पण त्यांच्या दोन खोल्यांत सासू-सासरे होते आणि तिथेही जिना होताच. शिवाय आई हटून बसली. "जिथून माझी बहीण दिसते तिथून मी हलणार नाही." एकदा शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाली न्यायचा घाट घातला. वळणावर खुर्ची कलंडता कलंडता वाचली. आईने सगळा जिना डोक्यावर घेतला. "मला परत वर ठेवा! लोकांच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन, मेल्यावर!" त्यानंतर खुर्चीचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

आईने तळमजल्यासाठी अर्ज केला होता. वय, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळं रीतसर. वसाहतीत खाली एक खोली रिकामी झाली. समितीच्या बैठकीआधी कारकून खूश होऊन बाईंकडे आला.

"बाई, या वेळी आईंचाच नंबर लागतोय. अगदी नियमात बसतंय."

आई अंगणात उतरलीय, मावशीच्या शेजारी बसून तिच्यावर खेकसतेय, असं सगळं बाईंना दिसलं. मग दुसरंही दिसलं: तिखटमीठ लागून वाढत जाणारी कुजबुज, शेवटी तिकडचीच ती, आपल्याच माणसांची सोय बघणार.

"पुढचं नाव घ्या," बाई म्हणाल्या.

"पण बाई, नियमाने..."

"नियम मला ठाऊक आहेत. लोकांची तोंडं तुम्हाला ठाऊक नाहीत. पुढचं नाव घ्या."

संध्याकाळी त्या आईकडे गेल्या. "या वेळी नाही जमलं गं आई."

आईनेच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. तुझ्या एकटीच्या हातात का असतं ते? तू नको जिवाला लावून घेऊस." बाईंनी तिची समजूत दुरुस्त केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने सुधारणारी बाई, आणि ही एक चूक तिने तशीच राहू दिली. कसली तत्त्वं नि काय, साधा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा खोली रिकामी झाली. पुन्हा आईचा नंबर, आणि पुन्हा बाई म्हणाल्या, पुढचं नाव घ्या. निवडणूक जवळ आली होती. एकदा निवडून आलो की मग करूच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आईने विचारलंदेखील नाही. तिने फक्त खिडकीतून मावशीला हाताने सांगितलं: अजून नाही.

मावशी एका सकाळी दारात येऊन बसली नाही. आई दुपारपर्यंत खिडकीत उभी होती. बाई वर आल्या आणि त्यांनी सांगितलं, झोपेतच गेली. आई रडली नाही. "मी इथूनच बघेन," एवढंच म्हणाली, आणि बाईंना बरं वाटलं, खुर्चीचा प्रश्न सुटला म्हणून. पण खाली गाडीत मावशीला ठेवू लागले तेव्हा आईला राहवलं नाही. घरात कुणी नव्हतं. ती जिन्यावर बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकायला लागली. बाई फाटकाशी लोकांचं सांत्वन घेत होत्या. प्रत्येकाशी बोलायला हवं होतं, निवडणुकीचे दिवस. गाडी निघून गेल्यावर त्या मागे वळल्या, तर आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली. कपडे धुळीने माखलेले, तळहात सोललेले. "गेली?" तिने विचारलं. बाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, तोंडावर हात घेतला आणि हुंदका दिला. तिला परत वर नेताना ती काहीच बोलली नाही, खुर्चीतसुद्धा.

निवडणुकीत बाई पडल्या. त्यांना पाडलं ते समोर उभ्या राहिलेल्या एका बांधकाम ठेकेदाराने. हा त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. गणितात कच्चा, पण कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याला नेमकं ठाऊक. त्याने प्रचारात एकच हाकाटी पिटली: बाई घरं आपल्या माणसांना वाटतात. लोकांनी ती खरी मानली. ज्या गोष्टीच्या भीतीने बाईंनी आईला वर ठेवलं, ती गोष्ट न करताही त्यांच्या माथी बसली. निकालाच्या दिवशी बाई घरी आल्या आणि भांडी घासत बसल्या.

निवडणूक लागल्यामुळे मावशीची खोली रिकामीच पडून होती. समितीचा अध्यक्ष आता ठेकेदार होता. नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत ती वाटायला निघाली, आणि पहिलं नाव आईचं निघालं. ठेकेदाराने 'पुढचं' म्हटलं नाही. त्याच्या बांधकामावरच्या चार धिप्पाड माणसांनी आईला अलगद खाली आणलं. या वेळीही तिने आरडाओरडा केला नाही. मावशीच्या पलंगावर तिची गादी घातली. खिडकीतून तिला तिचीच जुनी खिडकी दिसत होती, आणि ती तिकडे बघायचं टाळत होती.

दोन दिवसांनी ठेकेदार स्वतः आला. बाई तिथेच होत्या, आईला औषध देत. तो दारात उभा राहिला, वर्गात उशिरा आल्यावर राहायचा तसा.

"बाई, एक बोलायचं होतं. आजी, तुमच्यासमोरच बोलतो." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "आम्ही गावभर बोंब मारली, बाई आपल्या माणसांना घरं देतात. आता कारकुनाने मला सगळं सांगितलं. आजी, तुमचा नंबर दोनदा लागला होता. दोन्ही वेळा बाईंनी स्वतः मागे ठेवला. सख्ख्या आईचा! असा स्वच्छ माणूस मी पाहिला नाही. मी पुढच्या सभेत सगळ्यांसमोर हे सांगणार आहे आणि माफी मागणार आहे."

बाईंनी त्याला हाताने थांबवायचा प्रयत्न केला, पण तो भारावला होता, थांबला नाही. सगळं बोलून, मन हलकं करून तो निघून गेला. बाईंनी भरलेला चमचा पुन्हा बाटलीत रिकामा केला.

इथली भाषा आईला बाजारापुरतीच यायची, पण एवढं तिला कळलं होतं.

"तुझ्या हातात होतं?" तिने घरच्या भाषेत विचारलं.

"होतं."

"ती मला रोज विचारायची. मी तिला सांगायचे, माझ्या लेकीच्या हातात नाही गं. असतं तर तिने मला एक दिवस वर ठेवलं नसतं."

"आई..."

"थांब. मला एवढंच सांग. माझ्या जागी दुसरी कुणी म्हातारी असती, तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. आधीही त्या बोलल्याच होत्या.

"तर ती पहिल्याच वेळी खाली आली असती," त्या म्हणाल्या.

आईने मान हलवली. मग बहिणीच्या पलंगावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाई चमचा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. आईने बस म्हटलं नाही.