बाबल्याची बाजू

अख्ख्या दहिसरमध्ये सरकारपेक्षा कडक असं एकच माणूस आहे, आणि ती माझी आत्या आहे. उंची बेताची, वजन तिच्या कुत्र्याहून थोडं कमीच, पण आवाज पालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या बाईचा. "हलू नको" असं ती म्हणाली की सुई न टोचताही माणूस जागच्या जागी थिजतो. मालवण सोडून जन्म गेला, तरी रागात आणि लाडात ती मालवणीच बोलते. दोन्हींतलं नेमकं काय चाललंय, ते आम्ही सवयीने ओळखतो.

कुत्रा तिच्याकडे आला तो कायद्याच्या कृपेने. काही उग्र जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, असं दिल्लीहून परिपत्रक निघालं आणि तिच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एका गृहस्थांची पाचावर धारण बसली. त्यांच्याकडे रॉटवायलर होता. नाव किलर. निव्वळ मिरवायला आणलेला. एका सकाळी त्यांनी त्याला पंपाच्या खोलीपाशी बांधलं आणि सामानाच्या टेम्पोत बसून निघून गेले. सगळी इमारत खिडक्यांतून बघत राहिली. आत्या पाण्याचं पातेलं घेऊन खाली उतरली, त्याच्यापुढे ते सरकवलं आणि पाठ करून तिथेच बसली. दुपारपर्यंत तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी त्यानेच तिच्या पाठीला नाक लावलं. "किलर खंयचो? बाबलो आसा ह्यो," म्हणत ती त्याला वर घेऊन गेली.

पुढे कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लागूच राहिलं. गंमत म्हणजे आत्याचा कायद्याला विरोध नव्हताच. "कायदो बरो आसा, फकस्त जात चुकली," ती म्हणायची. "कुत्र्यांची नाय, मालकांची जात बंद करूक होयी." बाबल्याची नसबंदी, लसी, परवाना सगळं तिने रीतसर केलं आणि परवाना चौकटीत घालून देवांशेजारी लावला. तोंडाला मुसकं घातल्याशिवाय बाबल्याने कधी दार ओलांडलं नाही. फिरायला जाताना ती जुनी वर्तमानपत्रं नेई आणि बाबल्याचंच नव्हे, तर इतर कुत्र्यांचंही उचलून त्यांच्या मालकांची बेल वाजवी. "तुमचं काहीतरी खाली राहिलं होतं," असं म्हणून पुडी हातात देई. वरच्या मजल्यावरच्या एका पैलवान गड्याला पिटबुल घ्यायचा होता. "आधी आठवडाभर माझ्याबरोबर पहाटे चल," आत्या म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तो लिफ्टमध्ये तिची नजर चुकवू लागला.

तरी सेक्रेटरी पारेखभाईंनी बाबल्याला हलवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आणलाच. सभेच्या आदल्या संध्याकाळी नेमकं आक्रीत घडलं. बाबल्याच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं आणि तो थेट बाकावर एकट्या बसलेल्या पारेखभाईंच्या आईपुढे जाऊन उभा राहिला. तोंडाला मुसकं होतं, त्याने फक्त वास घेतला. पण म्हातारी दचकून उठली, पडली आणि तिचं कोपर सोललं. आत्याने तिला आपल्या घरी नेऊन जखम धुतली, पट्टी बांधली. "कोणाला बोलू नको," म्हातारी म्हणाली. "मी सांगेन, पाय घसरला."

सभेत वारं आत्याच्या बाजूने वाहत होतं. मुलं बाबल्याशी खेळतात, त्याच्यामुळे चोर फिरकत नाहीत, असं एकेक जण सांगत होता. आत्याच्या सोबतीला गेलेला मी खूश होतो. तेवढ्यात आत्या उभी राहिली. "मत द्यायच्या आधी काल काय झालं ते ऐका."

मी तिचा पदर ओढला. "आत्या, गप बस ना! जिंकलोय आपण."

"बाबल्याक बोलाक येता?" ती माझ्यावर फिसकारली. "तेची बाजू मीच सांगूक होयी, आणि तेची चूकय मीच."

तिने सगळं सांगितलं. चूक आपली आहे, बक्कल आपण तपासलं नव्हतं, यापुढे दोन पट्टे असतील, आणि पुन्हा असं घडलं तर ठरावाची वाट न बघता आपणच त्याला दुसरीकडे नेऊ, असंही सांगितलं. पारेखभाई लालबुंद होऊन आईकडे वळले. "बेटा, कुत्र्याने काय नाय केला," म्हातारी म्हणाली. "मी घाबरली, मी पडली." मग हात वर करायची वेळ आली. ठरावाच्या बाजूने जेमतेम चार हात दिसले. पारेखभाईंचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथून कान खाजवून खाली आला. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती, की जणू बाबल्याला मीच वाढवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मांजर दिसलं म्हणून बाबल्याने एक हिसका दिला. आत्याने त्याला धरलं, पण घरी येऊन ती बराच वेळ मनगट चोळत बसली आणि मग मला फोन केला. "आता धरवना नाय रे." कोणी तक्रार केली नव्हती. पारेखभाई तर घरी येऊन "माणूस ठेवू या ना फिरवायला," म्हणून गेले. पण ती ऐकेना. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या, वसईत राहणाऱ्या एका भल्या माणसाला तिने उलटसुलट प्रश्न विचारून जेरीला आणलं आणि मगच बाबल्याला त्याच्या हाती दिलं.

अधूनमधून मी तिला तिकडे नेतो. परवा परतताना गाडीत बघितलं, तर तिच्या फिक्या साडीवर मांडीभर काळे केस चिकटले होते. मी झटकायला रुमाल पुढे केला.

"रवांदे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.