आईले नदीकाठी जेवायचं होतं

आईनं अट सांगितली तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो.

"येते नागपूरले," आई म्हणाली. "पण आधी मले एकदा नदीकाठी बसून जेवायचं आहे. नदीकाठी म्हणजे नदीकाठी. तळं नको."

काय बाप्पा! जी बाई जन्मभर हॉटेलात जाऊन "मले काही नको, तुम्ही खा" एवढंच म्हणत आली, ती अट घालून राहिली, आणि तीही जेवायची! भाऊ म्हणाला, "ताई, हिले ताप तर नाही ना?" मी खरंच कपाळाले हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होतं.

तिले न्यायलेच भाऊ नागपूरहून आला होता, आणि हा काही त्याचा पहिला फेरा नव्हता. बाबा गेले तेव्हापासून ती रायपुरात, गुढियारीच्या घरात एकटी. मी शंकर नगरात, गावातल्या गावात, पण माझ्याकडेही यायले तयार नाही. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडली, शेजारीण धावून आली म्हणून निभावलं. खाणं म्हणजे अर्धी पोळी आणि वाटीभर वरण, तेही आपण डोक्यावर उभं राहिलो तर. अंगावरचे ब्लाऊज ढगळ व्हायले लागले होते. आणि नागपूरचं नाव काढलं की एकच पालुपद, "अजून नाही. यांचं काहीतरी राहून गेलं आहे. मी कशी जाऊ?"

काय राहिलं ते आम्हाले माहीत होतं. निदान आम्हाले तसं वाटत होतं. दहाव्याच्या दिवशी खारून नदीच्या महादेव घाटावर बाबांच्या पिंडाले कावळा शिवला नव्हता. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. त्यामुळे मी आणि आई घरी, आणि भाऊ, काका अन् भटजी तिकडे. पिंडाजवळ आवडीचं सगळं मांडलं होतं, साखरभात, पाटवडी, बेसनाचे लाडू, जिलेबी. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, असं आपण मानतो. म्हणून भाऊ हात जोडून कबूल करत सुटला. आईले सांभाळीन, ताईले अंतर देणार नाही, घर विकणार नाही, गाडी हळू चालवीन. तरी काही नाही. ऊन चढलं तसं भटजींनीच दर्भाचा कावळा करून पिंडाले लावला आणि सगळे परत आले. आईनं दारातच विचारलं, "शिवला?" भावाले खोटं बोलता येत नाही. त्या दिवसापासून तिचं अन्नावरून मनच उडालं.

तर आता ही स्वतःहून जेवायचं म्हणते म्हटल्यावर मी पदर खोचला. पण रायपुरात नदीकाठी जेवायले जातं कोण? खायले-प्यायले लोक तेलीबांध्याच्या तळ्यावर जातात. खारून नदीवर जायचं ते अस्थी घेऊन, नाहीतर गणपती घेऊन, नाहीतर कार्तिकी पौर्णिमेच्या पुन्नी मेळ्याले. तिथं बसून जेवायचं हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मैत्रिणीले फोन केला तर ती म्हणे, "घाटावर? काहून गं, कोण गेलं?"

शेवटी मोबाइलवर शोधलं. शोधलं तर काय, नावात नदी असलेल्या हॉटेलांची रांगच लागली! त्यातल्या एका 'रिव्हर व्ह्यू'मध्ये भावानं मोठ्या थाटात माझी गाडी लावली. आईले हात धरून गच्चीवर चढवली. चारी बाजूंनी पाहिलं, नदीचा पत्ता नाही. वेटरले विचारलं, "भैया, नदी कहाँ है?" त्यानं बोट दाखवलं, "वो रही मैडम, टंकी और टॉवर के बीच में." मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली, तेव्हा पाण्याच्या टाकीच्या आडून एक हिरवी रेघ दिसली. तीही जलकुंभीच्या पानांनी झाकलेली. याले व्ह्यू म्हणतात! मी त्याले म्हटलं, "दुर्बीण भी मेन्यू में है क्या?" भाऊ माझा हात ओढून राहिला होता.

दुसऱ्या ठिकाणी तर कहर. निळ्या फरशीचा लांबच लांब हौद, त्यात निळे दिवे, पाण्यावर प्लास्टिकची बदकं, आणि हौदाच्या दोन्ही बाजूंनी टेबलं. मॅनेजर टाय लावून आला आणि सांगे, "नदी थोड़ी पीछे है, पर फील पूरा नदी का है मैडम." फील? माझ्या बुढ्या मायले मी फील खाऊ घालू? माझं डोकं असं फिरलं की मी त्या बदकांसकट त्याचा उद्धार केला. आई एका खुर्चीच्या टोकावर पर्स धरून बसली होती. ती म्हणाली, "चला, इथं नाही जमायचं."

गाडीत बसलो. भाऊ चिडून म्हणाला, "आई, आता घरी जाऊ, ताईच्या हातचं खा." मागच्या सीटवरून आवाज आला, "घाटावरचा पूल ओलांड. पुढे डाव्या अंगाले कच्चा रस्ता आहे, तिकडे घे."

आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. "तुले कसं माहीत?" मी विचारलं.

"तू समोर पाह्य रे, ट्रक येऊन राहिला," ती भावाले म्हणाली.

कच्चा रस्ता संपला तिथं कहुआची, म्हणजे अर्जुनाची, मोठी झाडं होती. त्यांच्या सावलीत टिनाचं शेड, धूर, चारसहा टेबलं, आणि खाली, अगदी पायाशी म्हणावी अशी, नदी. ऊन अजून होतं. आम्ही गाडीतून उतरेपर्यंत आई पुढे निघाली. हात धरायलेही थांबली नाही! शेडमधून खांद्यावर गमछा टाकलेला एक मिशाळ माणूस बाहेर आला आणि तिले पाहून, बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखं हसत, म्हणाला, "अरे दाई! अब्बड़ दिन म आए. बाबूजी नइ आइन?"

"बाबूजी नहीं रहे, भैया," आई म्हणाली.

त्याचं हसू गेलं. खांद्यावरचा गमछा काढून हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग त्यानं पाण्याजवळचं टेबल पुसलं. आई बसली आणि म्हणाली, "वही लाना. दो प्लेट."

'वही' म्हणजे काय? भजी असतील, मी मनाशी म्हटलं. आलूबोंडे असतील. थोड्या वेळानं तो आला आणि टेबलावर ठेवलं काय, तर तळलेल्या मच्छीच्या दोन प्लेटी, कांदा-लिंबू, दोन ग्लास आणि बिअरची एक थंडगार बाटली.

"भैया, गलत टेबल," भाऊ घाईघाईनं म्हणाला.

"बरोबर टेबल आहे," आई म्हणाली.

अगं माय गं! आमच्या घरात अंडं आलं नाही कधी. भाऊ तर ऑफिसात आमलेट खाणाऱ्याच्या शेजारीही डबा उघडत नाही. आणि बाबा? बाबांची तर गोष्टच सांगू नका. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाले माझ्या नवऱ्यानं मित्रांसाठी बिअर आणली होती. ती बाटली पाहून बाबा भरल्या पानावरून उठले, आणि पुढे किती तरी दिवस माझ्या घरची पायरी चढले नाहीत. त्याच्यापायी मी नवऱ्याशी भांडली, माफी मागायले लावली त्याले. आणि हे इथं!

"आई," मी म्हटलं, आणि माझा आवाज चांगलाच चढला होता, "तुम्ही दर रविवारी स्कूटरवर महादेवाच्या दर्शनाले येत होते ना?"

"येतच होतो. आधी दर्शन, मग मच्छी."

"आणि येताना ते बडीशेप-खडीसाखर आणायचे प्रसाद म्हणून?"

"तोंडाचा वास जावा म्हणून आणत होतो. उरलं तर तुम्हाले," ती म्हणाली, जसं काही दुधाचा हिशोब सांगून राहिली. "नोकरीत असताना कोण्या साहेबानं यांले सवय लावली. पण एकट्याले गोड लागेना. मग मले आणलं. पहिल्या दिवशी मी रडली. दुसऱ्या खेपेले चाखून पाहिली. मग काय बाप्पा, मीच रविवारची वाट पाहायले लागली."

मले हसू यायले पाहिजे होतं. आलं नाही. भाऊ तर पांढरा फटक. जन्मभर ज्या माणसाच्या धाकानं आपण लसूणसुद्धा विचार करून खाल्ला, तो माणूस दर रविवारी या खुर्चीत बसून लिंबू पिळत होता!

आईनं प्लेटीले हात लावला नव्हता. ती एका प्लेटीकडे पाहून राहिली होती. मग भावाले म्हणाली, "कावळा कसा शिवन रे? तुम्ही साखरभात ठेवला. साखरभात यांले आवडतच नव्हता, माझ्या सासूले आवडत होता."

भावानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तू घाटावर निघाला तेव्हा ताट मी पाहिलं होतं. जिभेवर आलं होतं माझ्या. पण भटजी दारात, दीर दारात. कशी म्हणू, मच्छीचा तुकडा ठेवा म्हणून? या माणसानं जन्मभर अब्रू जपली, ती मी दहाव्याले घालवू? गप बसली. उपाशी गेले रे ते. माझ्या लाजेपायी उपाशी गेले."

आणि ती रडायले लागली. बाबा गेले तेव्हा रडली नव्हती एवढं रडली. असं काही नसते गं आई, हे सगळं मानण्यावर असते, हे मले म्हणता आलं असतं. पण तिचे ते उतरलेले खांदे हलताना दिसून राहिले होते, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एवढे महिने ही बाई ताटावर बसत होती आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तो ह्याच्यासाठी.

भावानं विचारलं, "यातली बाबांची प्लेट कोणती?"

आईनं डोळे पुसत बोट दाखवलं. त्यानं ती प्लेट आपल्याकडे ओढली. शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मले वाटलं, नदीत सोडायले नेते आता. त्यानं लिंबू पिळलं, तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"अरे, वेड लागलं काय तुले?" मी ओरडली. "थुंक ते!"

त्यानं नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, एकदा तर उमाळा येऊन हात तोंडावर गेला, तरी त्यानं गिळलं. दुसरा घास घेतला. आई त्याच्याकडे पाहतच राहिली. मग ती पुढे वाकली आणि त्याच्या प्लेटीतल्या मच्छीचा मधला काटा ओढून बाजूले ठेवला. "हळू खा," ती म्हणाली. "हा काटा मोठा असते. यांच्याही गळ्यात अडकला होता एकदा."

तिनं आपली प्लेट जवळ घेतली. ती खायले लागली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझं काही खरं नव्हतं. भूक लागलेल्या माणसासारखी खात होती ती. खाता खाता तिनं विचारलं, "उद्या नागपूरची गाडी किती वाजता आहे?"

"सकाळची आहे," भाऊ कसाबसा म्हणाला आणि हात धुवायले उठायले लागला.

"बस खाली," आई म्हणाली. "तुझे बाबा दोन तुकडे खात होते."

भाऊ बसला, आणि त्यानं दुसरा तुकडा उचलला.