मिशीसकट मौन

हसायचं नाही, आधीच सांगतो! माझ्या चेहऱ्यावर तेज आलं आणि त्या तेजानं मी कसा तोंडावर आपटलो, त्याची ही गोष्ट.

आणीबाणी उठली त्या सालची. नोकरीला मी साताऱ्यात, घर कवठे महांकाळला. बहिणीचं लग्न पलूसच्या अण्णांच्या मुलाशी ठरलेलं, अगदी तोंडावर आलेलं. आणि मी काय करावं? कुणाला न सांगता नाशिककडं विपश्यनेच्या शिबिराला गेलो! दहा दिवस मौन. खाज येवो की कळ, डोळे मिटून नुसती बघायची. येते आणि जाते.

मला ते असं काही साधलं म्हणता! शिबिर संपल्यावर सगळे बोलायला लागले, पण मी? घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. वर साताऱ्यात उतरून न्हाव्याला खुणेनं सांगितलं आणि भिक्खूंसारखं डोकं तासून घेतलं. मिशीसकट!

पुढच्या एसटीत चढलो, तर समोर साक्षात अण्णा. मला बघून ताडकन उठले.

"पाव्हणं, आत्ता तुमच्या हाफिसात जाऊन आलो. धा दिस झालं रजेवर हाय म्हणाले. आन् आमाला कळवायचं न्हाई व्हय?"

मी मंद हसून डोळे मिटले. म्हटलं, शिबिराची बातमी फुटली वाटतं.

"लय धीराचा गडी!" अण्णा शेजारच्याला म्हणाले. कंडक्टरनं मला खिडकीची जागा दिली. एका बाबानं पेटवलेली बिडी विझवली. बघा, साधना लपत नाही!

पलूसला गाडी चहाला थांबली. अण्णा घरी पळत गेले आणि चार बायकांना घेऊन परत आले. त्या मला पाहून तोंडाला पदर लावून मुसमुसायला लागल्या. एवढी श्रद्धा! मलाच भरून आलं.

गावात उतरलो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या बायकांनी असा गळा काढला की मला पहिल्यांदा शंका आली. तेवढ्यात माझे वडील आबा, पलटणीतले जुने सुभेदार, तंबाखू मळत दारात आले.

"कोण गेलं वो अण्णा?"

अण्णांनी डोळे फाडले. "आवं, तुमीच की!"

मग कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्याकडं डोकं आणि मिशी मिळून उतरते ती बाप गेल्यावर, दहाव्याला!

अण्णा भडकले. "बाप जिता आसताना मिशी काढनाऱ्या घरात सोयरीक? आपशकुन ह्यो! लगीन मोडलं समजा!"

आत बहीण हुंदके देऊ लागली. मी घाईघाईनं मौन सोडलं. "अण्णा, ऐका... या जगात सगळं अनित्य आहे, काहीच टिकत नाही..."

"लगीनबी?" अण्णा ओरडले.

फाडकन आवाज झाला. माझ्या गालावर आबांचा हात होता.

"आई गंऽऽ!"

अण्णा आबांच्या हाताकडं बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. "आसला हात आसनारा आजून ईस वरसं मरत न्हाई! शकुन चांगला हाय. धरा लगीन!"

लग्न थाटात झालं. माझ्या टकलावर फेटा ठरेना, ते सोडा. कळ येते आणि जाते, असं शिबिरात शिकवलं होतं. येते, ते पटलं. जाते कधी, ते मौनामुळं विचारायचं राहून गेलं!